त्या बाजूचा खडू

कोणतीही वस्तू तपासायची तर समोरचे काका उलटा हात लावत. चहाचा कप असो, वरणाची वाटी असो, माझ्या स्कूटीचं इंजिन असो, तळहात कधी नाही, बोटांची पाठ. लावायची, क्षणभर थांबायचं आणि निकाल द्यायचा, "फिट." नाहीतर, "सिक." रेल्वेत डबा नीट असला तर फिट आणि नादुरुस्त असला तर सिक, असे दोनच प्रकार. माणसांचेही त्यांनी तेवढेच ठेवले होते.

आम्ही रायपूरला एकाच जिन्यावर समोरासमोर राहत होतो. माझी मुलगी तिसरीत असताना एका सकाळी जिन्यात त्यांनी तिच्या कपाळाला बोटं लावली आणि मला म्हणाले, "हिले शाळेत काहून पाठवून राहिली तू? सिक आहे पोट्टी. काट गाडीतून." थर्मामीटर लावला तर खरंच ताप निघाला. तेव्हापासून परीक्षा आली की पोरगी त्यांच्या दारात कपाळ पुढे करून उभी. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच. "आजोबा, आज मैं सिक हूँ." ते बोटं लावत, खूप विचार केल्यासारखं करत आणि म्हणत, "फिट. पळ."

"तळहात का नाही लावत, काका?" मी एकदा विचारलं.

"तळहात हातोडी धरून धरून बथ्थड होऊन जाते. पाठीले अजून समजते."

मालगाडी सुटण्याआधी तिचा एकेक डबा तपासायचा, चाकं ठोकून बघायची, आस गरम झालाय का ते हात लावून बघायचं, हे त्यांचं काम होतं. वाफेच्या इंजिनांचे शेवटचे दिवस त्यांनी पाहिले होते. मी ओळखू लागले तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. काकू गेल्या होत्या. मुलगा बंगळुरूला, त्याचा फोन रविवारी. बाकी सहा दिवस ते आणि त्यांचे डबे.

डबे म्हणजे जेवणाचे नव्हेत. पुढच्या खोलीत भिंतभर एक लांब फळी होती आणि तिच्यावर रुळांवर उभी अख्खी मालगाडी. एका फुटाला पाव इंच या हिशेबानं वीस फुटांचा डबा पाच इंचांत बसवलेला. तुपाच्या डब्यांचा पत्रा, छत्रीच्या काड्या, गोल बाजारातून आणलेली पितळी तार. रिव्हेट पाहिजे असेल तर पत्रा पालथा घालून कंपासच्या बोथट टोकानं एकेक उठवायची. एका डब्याला चार-पाच महिने लागत. एक रिव्हेट वाकडी उठली की सगळा पत्रा फेकून पुन्हा सुरुवात.

"कोण मोजतंय, काका?" मी म्हणे.

"मी मोजतो नं."

सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ आमच्या खिडक्यांवर रोज बसायची आणि आम्ही बायका रोज तिच्या नावानं बोटं मोडायचो. हा माणूस ती मऊ ब्रशानं कागदावर गोळा करायचा. डब्यांवर चोळायला इतकी अस्सल काजळी विकत मिळत नाही म्हणे. मी एकदा माझ्या घरची पुडी बांधून दिली. त्यांनी ती नेऊन काकूंच्या फोटोखालच्या खणात ठेवली, जिथे लोक प्रसाद ठेवतात.

गणपतीत कॉलनीच्या पोरांनी ती गाडी सजावटीला मागितली. त्यांनी दिली, पण दिवसभर मांडवात खुर्ची टाकून बसले. येणारा प्रत्येक जण गणपतीला हात जोडायचा आणि मग विचारायचा, "इंजिन कहाँ है, भैया?" संध्याकाळी कुणीतरी समोर खेळण्यातलं लाल इंजिन आणून जोडलं. त्यांनी ते काढून बाजूला ठेवलं. "इंजिनवाल्याचं काम इंजिनवाला करीन. मी डब्यांचा माणूस."

मला दुसरीच गोष्ट खटकायची. प्रत्येक डब्यावर खडूची बारीक खूण होती, तपासल्याची, पण ती एकाच बाजूला. दुसरी बाजू कोरी. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गाडी दोघं तपासतात. एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. ज्यानं त्यानं आपल्या बाजूवर खडू मारावा. त्या बाजूचा खडू माझा नोहे."

"मग कुणाचा?"

"होता एक मनराखन नावाचा फिटर." चहाला उलटा हात लावला आणि म्हणाले, "सिक झाला. गरम करून आण."

एक आठवण मात्र ते हसून हसून सांगत. मी ती दहा वेळा तरी ऐकली असेल. एका बंद डब्याच्या कुशीला त्यांनीच पत्र्याचं ठिगळ मारून घेतलं होतं. नवा रंग इतका चिकना की खडू धरेना. "निसटून राहिला, निसटून राहिला. दोनदा लिहा लागलं तवा फिट झाला."

फळीवर वीस डबे होते. रुळावर मधेच एकविसाव्याची जागा रिकामी ठेवलेली. एकविसावा ते करत नव्हते. पत्रा आणून ठेवलेला, चाकं तयार, पण दर वेळी काहीतरी निमित्त. कधी डोळे, कधी हवा दमट. आपण नाही का, नकोसं पत्र उत्तराच्या गठ्ठ्यात तळाशी सरकवत राहतो.

मग एका उन्हाळ्यात त्यांनी तो घेतला. का घेतला, ठाऊक नाही. मुलानं घर विकून बंगळुरूला चला म्हणून लकडा लावला होता, तेही कारण असेल. नोकरीतली जुनी खिशातली वही काढून ते त्याचे बारकावे उतरवत होते. पावसाळा सरला तरी काम चालू होतं. एका रविवारी मी पोहे घेऊन गेले तर ते नुसते बसले होते. समोर एकविसावा डबा. उजव्या कुशीला छोटं ठिगळ, त्याच्या खाली हातब्रेकचा बारीक दांडा. शेजारी वही उघडी.

पोह्यांना हात लावला नाही, सुलटा नाही की उलटा.

"बस," म्हणाले. मी बसले.

मग त्यांनी सांगितलं. ही एकवीस डब्यांची गाडी एका संध्याकाळी जंगलातल्या लहानशा स्टेशनावरून सुटली, तेंदूपत्त्याची पोती भरून. याच एकविसाव्या डब्याचा हातब्रेक आवळलेलाच राहिला. चाकं घासत गेली, तापली, आणि पुढच्या स्टेशनाआधी तो डबा पेटला. माणूस कोणी दगावला नाही. चौकशी झाली. जुन्या डब्यांना ब्रेकचा दांडा एकाच कुशीला असे. तो जंगलाच्या बाजूला होता. साहेबांनी एकच विचारलं, जंगलाच्या बाजूनं कोण चालत होतं?

"मी म्हटलं, मनराखन. तो म्हणे, नाही साहेब, हे होते. मी तपासनीस, तो फिटर. माझं ऐकलं." त्याला फिटरचा पुन्हा खलाशी, म्हणजे साधा मदतनीस, केला आणि दूर कुठेतरी पाठवला. चार वर्षं दोघं एका डब्यात जेवले होते. त्यानंतर एक शब्द नाही.

"तुम्ही खोटं बोललात?"

"नाही नं. तेच तर सांगून राहिलो. मले तसंच आठवत होतं. मले आजवर तसंच आठवत होतं." त्यांनी डबा उचलला आणि ठिगळाची बाजू माझ्याकडे केली. "वहीत लिहिलं आहे. ठिगळ दांड्याच्या बाजूले, माझ्याच अक्षरात. म्हणून इथं बसवलं. आणि त्या संध्याकाळी या ठिगळावर खडू कोणी मारला?"

मला कळायला एक क्षण लागला. दहा वेळा ऐकलेली ती हसण्याची गोष्ट. दोनदा लिहावं लागलं होतं, यांनाच. म्हणजे ठिगळाच्या बाजूला, दांड्याच्या बाजूला, जंगलाच्या बाजूला हेच होते.

"इतकी वर्षं ती गोष्ट मी लोकायले सांगत फिरलो," ते म्हणाले. "हसत."

त्यांनी ओलं फडकं आणलं आणि वीसही डब्यांवरचा खडू पुसायला लागले. सगळा चुकीच्या बाजूला होता. मी पोह्यांचं ताट उचलून घरी आले.

मनराखन सिलतऱ्याच्या पलीकडे एका गावात राहतो, एवढं त्यांनी आठवड्याभरात शोधून काढलं. पुढच्या रविवारी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेलं. डबा जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर. वाटेत ट्रकांची रांग होती, झाडांची पानं काळी होती. सबंध रस्ता ते एवढंच म्हणाले, "हळू चाल. आस वाकन."

पाऱ्यातलं, म्हणजे त्या वस्तीतलं, शेवटचं घर. ओसरीवर एक वाळलेला म्हातारा बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. त्यानं वर पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा कामटीत लक्ष घातलं. बसा म्हणाला नाही.

काकांनी उभ्याउभ्याच टॉवेल सोडला. डबा पुढे धरला. "मनराखन, डंडा मेरी तरफ था."

त्यानं कामटी खाली ठेवली. डबा हातात घेतला. फिरवून पाहिला, खालून पाहिला, दांडा नखानं हलवून पाहिला. मग बोटांची पाठ चाकाशेजारी टेकवली, क्षणभर थांबला. या दोघांनी ती सवय एकाच ठिकाणी उचलली होती, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मोला मालूम हे," तो म्हणाला. "मैं तो बोले रेहेंव. साहब नइ मानिस. मैं तोर मुँह ल देखत रेहेंव."

म्हणजे, मला माहीत आहे, मी सांगितलं होतं, साहेबांनी मानलं नाही, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो होतो. आवाज चढला नाही. काकांनी हात जोडले. तेही त्यानं पाहिलं. डबा मात्र परत दिला नाही. बाजूला ठेवला आणि कामटी उचलली. थोडा वेळ उभे राहून आम्ही निघालो.

येताना ते मागे इतके गप्प होते की पडले की काय म्हणून मी दोनदा मान वळवली.

त्यानंतर त्यांनी पत्रा कापला नाही. फळीवर वीस डबे आणि एक रिकामी जागा. खडू कोणत्याच बाजूला नाही. दिवसभर रेडिओही लावत नसत. माझ्या दारात दोन-तीनदा आले आणि म्हणाले, "एक चक्कर मारते का पोरी, सिलतऱ्याले? रागावला असन तं रागावू दे. एकदा बसून घेऊ त्याच्याजवळ."

मी म्हणाले, पुढच्या रविवारी नक्की. तेव्हा आमचं कार्यालय नव्या राजधानीत हलत होतं. फायलींचे गठ्ठे, याद्या, तेलीबांध्याच्या पुढे रोज दीड तासाची बस. रविवार आला की मी आडवी होत असे. खरं सांगते, त्या ओसरीवर पुन्हा उभं राहायची मला लाजही वाटत होती, जणू चूक माझीच होती. असे चार रविवार गेले, की पाच.

मंगळवारी सकाळी दूधवाल्यानं हाक मारली. दार आतून बंद. ते फोडून आत गेलो तेव्हा काका गेलेले होते. मुलगा विमानानं संध्याकाळी पोचला. तोवर मी त्यांच्याजवळ बसले होते. कपाळाला बोटांची पाठ लावून पाहिली.

मुलानं डबे जपून खोक्यात भरले, नाव ठेवायला जागा नाही. मधला एक कुठे आहे, त्यानं विचारलं. आणून देते म्हणाले. त्या निमित्तानं अखेर मी सिलतऱ्याला गेले, एकटी.

मनराखन ओसरीवरच होता. मी सांगितलं. त्यानं डोक्याचा गमछा काढून मांडीवर ठेवला. "मैं सोचेंव, फेर आही," तो म्हणाला. म्हणजे त्याला वाटलं होतं, ते पुन्हा येतील.

मग आत गेला आणि डबा घेऊन आला. धूळ पुसलेली होती. माझ्या हातात दिला तो ठिगळाची बाजू वर करून. तिथे काकांचा खडू नव्हता, लावायचा त्यांना धीर झाला नव्हता. मी डबा उलटवला. दुसऱ्या कुशीवर, जिथे बाकीच्या डब्यांवर काका इतकी वर्षं आपला खडू मारत आले होते, तिथे तांदळाएवढी पांढरी खूण होती. नीट, टोकदार, जाणत्या हाताची.

"ये कब किया, बाबा?"

"ओही दिन," तो म्हणाला. "तुमन गेव, ताहने." त्याच दिवशी, आम्ही निघून गेल्यावर.

डबा मी मनराखनकडेच ठेवला, मुलाला फोन केला आणि एक डबा कमी आहे असं सांगितलं. डबा आता त्याच्या ओसरीच्या कोनाड्यात आहे, ठिगळ भिंतीकडे करून. खडू पुसला जाऊ नये म्हणून मनराखन त्याला हात लावू देत नाही.