थोरलीचा जळफळाट

थोरली सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. फरशी पुसायची, चादरी बदलायची, फार आरडाओरडा करणाऱ्या बायकांना दटावायची. घरातली मोठी सून म्हणून सगळे तिला थोरलीच म्हणत, आणि तिच्या दिराच्या बायकोला धाकटी.

सरकारचं नवं धोरण आलं आणि वॉर्डाचा नूरच पालटला. खाटांमध्ये पडदे लागले, नळाला दिवसभर पाणी आलं. भिंतीवर पाटी लागली : बाळंतिणीवर ओरडू नये, घरच्या एका बाईला तिच्याजवळ थांबू द्यावं.

थोरलीच्या डोळ्यांत ती पाटी खुपायची. तिचं बाळंतपण याच खोलीत झालं होतं. एका खाटेवर दोघीजणी, सासू बाहेर व्हरांड्यात. कळ आली म्हणून ओरडली, तर तेव्हाच्या आयाने मांडीवर चापट मारली होती.

आणि आता धाकटीला दिवस गेले. तपासणीला न्यायला गाडी, सोनोग्राफी फुकट, गोळ्या घरपोच. थोरलीने भांडी अशी आदळली की सासूने विचारलं, "त्या भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

कळा सुरू झाल्यावर धाकटीला वॉर्डात आणलं. सिस्टर म्हणाल्या, "जवळ कोण थांबणार?" सासू पदर खोचून पुढे झाली, पण धाकटी म्हणाली, "ताई थांबतील."

"मी ड्यूटीवर आहे," थोरली म्हणाली.

"आज हीच तुझी ड्यूटी," सिस्टर म्हणाल्या.

धाकटीने तिचा हात घट्ट धरला. "ताई, ओरडू का?"

"ओरड की! तुला कोण अडवतंय?"

मुलगी झाली. सिस्टरनी टाके घातले आणि धाकटीला समजावलं, "पुढे कधी अंग खाली आल्यासारखं, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकल्यासारखं वाटलं, लघवी आवरेनाशी झाली, तर लपवायचं नाही. त्याला उपचार आहेत."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगा झाल्यापासून तिचं अंग खाली येत होतं. भरलेली बादली उचलली की जास्तच. नवऱ्यालाही तिने कधी सांगितलं नव्हतं. आणि हिला काही झालेलं नसताना सगळं आधीच सांगतायत!

सिस्टर हात धुवायला गेल्या, तशी थोरली मागोमाग गेली. "तिलाच बरं सांगता सगळं! मी काय दगडाची आहे?"

सिस्टर चमकल्या. "कधीपासून होतंय?"

"मुलगा कॉलेजात जातो आता."

सिस्टरनी हात पुसले. "आणि तू रोज माझ्यासमोर बादल्या उचलत होतीस. चल, पडद्याआड. आधी तपासते."

काही महिन्यांनी ऑपरेशन तिथेच झालं, एका पैशाचाही खर्च न होता. जड उचलायचं नाही असं बजावून तिला घरी पाठवलं. धाकटी तान्हीला झोळीत निजवून थोरलीच्या वाटचं पाणी भरायची. धाकटीची तुकतुकीत कांती पाहून थोरली मनात धुमसायचीच. पण आता बसता-उठता ओटीपोटाशी हात जात नव्हता.

सासू मात्र घुश्शात राहू लागली. एकदा थोरलीला चहा देताना कप आपटून म्हणाली, "मजा आहे बाई तुमची! आमच्या वेळी कोणी विचारलं होतं?"

थोरलीने तिच्याकडे नीट पाहिलं. "आई, तुमचंही खाली येतं का?"

सासूने तोंड फिरवलं. चहाचं पातेलं विसळता विसळता म्हणाली, "तुझ्या त्या सिस्टर म्हाताऱ्यांना तपासतात का गं?"