हनुवटीवरचे ठिपके

हे लिहायला मी बसावं का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि परीक्षेबाहेर मी कधी काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुका पोटात घालाव्यात. पण एका फोटोत मी इतका अडकून पडलो होतो, की ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

नांदगावहून नाशिकला शिकायला आल्यापासून संध्याकाळी मी पंचवटीतल्या एका फोटो स्टुडिओत काम करतो. जुने, खराब झालेले फोटो स्कॅन करायचे आणि त्यातले चेहरे कॉम्प्युटरवर दुरुस्त करायचे. बहुतेक फोटो गेलेल्या माणसांचे असतात. ते वाळवीने खराब होतात, ओलीने होतात, पण पूजेनेही होतात, हे मला इथेच कळलं. काच फुटते, नवी बसवायची राहून जाते, आणि पितृपक्षात ओलं गंध सरळ फोटोवर लागतं. दर वर्षी. आधी कपाळ जातं, मग भुवया.

सरकारी दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या एका काकूंनी आणलेला फोटो असाच होता. त्यांच्या आईचा, आणि एकुलता एक. काकू पाळण्यात असतानाच आई गेली. वडील सुरगाण्याकडचं गाव सोडून नाशिकला आले आणि पुढे आईबद्दल कधी फारसं बोललेच नाहीत; मरेपर्यंत दर वर्षी गंध मात्र लावत राहिले. त्या गंधाने कपाळ नेलं होतं, आणि ओघळाने डावा गाल आणि डावीकडची अर्धी हनुवटी.

“मी आईला पाहिलंच नाही,” काकू म्हणाल्या. “तू कुणाचंही तोंड लावलंस तरी मी आई म्हणूनच हात जोडेन. म्हणून नीट कर बाबा.”

मी आधी फोटो चेहरे आपोआप दुरुस्त करणाऱ्या ॲपमध्ये टाकला. क्षणात चेहरा तयार झाला. गोरा, गुळगुळीत, भुवया कोरलेल्या.

“हे ॲप म्हशीलापण गोरी करेल,” स्टुडिओचे मालक मागून म्हणाले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात.

काकूंनी बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. “ही आई? ही तर सिरियलमधली सासू आहे.”

मग मी हाताने काम करायला घेतलं. तेव्हा दिसलं, की उरलेल्या हनुवटीवर तीन काळे ठिपके होते आणि ॲपने ते पुसून टाकले होते. भाऊही म्हणाले, “बुरशी आहे ती. उडव.” पण बुरशीच्या कडा फाटक्या असतात, हे ठिपके गोल होते, एकसारखे. माझ्या आईच्या हनुवटीवर तसा एक आहे. हे गोंदण असणार.

“असेल,” काकू म्हणाल्या. “माझ्या मावशीच्या हनुवटीवरपण आहे काहीतरी. किती आहेत, ते नाही बघितलं. माणसाच्या हनुवटीकडे कोण बघत बसतं?”

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, अजून गावीच राहणारी. तिकडच्या एका भाच्याने तिचा फोटो काढून सुरगाण्यात आल्यावर मोबाइलवर पाठवला. तिच्या हनुवटीवर पाच ठिपके होते, चार भोवती आणि एक मधोमध. मी दोन्ही हनुवट्या एकावर एक ठेवून पाहिल्या. तिन्ही ठिपके बरोबर जुळले. मग जिथला फोटो उडाला होता, तिथे मी उरलेले दोन भरले. कपाळ मावशीच्या कपाळावरून घेतलं. गाल उजव्यावरून घेतला, पण थोडा बदलून, कारण कुणाच्याही चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात.

काकू बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या.

“चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “पण ही तीच का?”

मला ते सांगता येत नव्हतं. सांगू शकणारी एकच व्यक्ती उरली होती. काकू दुरुस्त फोटोची प्रिंट टॉवेलमध्ये गुंडाळून एसटीने सुरगाण्याला गेल्या. पुढे गावापर्यंत जीप, आणि तिथे मोबाइलला रेंज नाही. मी लेक्चरला बसलो तरी फोन उलटा करून बघायचो. मावशी कशावरून ओळखेल? डोळ्यांवरून की कपाळावरून? बसमध्ये मी बायकांच्या हनुवट्या बघायला लागलो आणि एकदा एका आजींनी माझ्यावर डोळे वटारले.

शेवटी काकूंचा फोन आला, सुरगाण्याच्या स्टँडवरून.

“ओळखलं रे मावशीने. लगेच. मग हनुवटीवर बोट ठेवून म्हणते, हे दोन कुणी गोंदले? म्हटलं, नाशिकच्या एका पोराने. तर अशी हसायला लागली. दोघी बहिणी एकाच दिवशी गोंदायला बसल्या होत्या. मावशीचे पाचही झाले. तिसरा ठिपका झाला आणि आई जी उठून पळाली, ती आंब्यावर जाऊन बसली. गोंदणारीण शिव्या देऊन निघून गेली, तेव्हा उतरली.”

“काकू, ते दोन मी आजच काढून टाकतो,” मी म्हणालो.

“काढ, काढ.” मागे कंडक्टर कुणावर तरी ओरडत होता. मग काकू म्हणाल्या, “वॉर्डात नर्सबाईंनी सुई काढली की मी अजून तोंड फिरवते. इतकी वर्षं झाली, सगळे हसतात मला. आता सांगते त्यांना, हे आईकडून आलंय.”