फिरी भर

एकदा भरलेला आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करायला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तो शब्द म्हणेपर्यंत माणसाला धाप लागते. म्हसावदच्या आमच्या घरात त्यासाठी एकच क्रियापद होतं, भरणे. पाणी भरतात, गोण्या भरतात, तशी कॅसेटही भरायची. शहाद्याच्या दुकानातून गाणी भरून आणायची आणि ऐकून ऐकून विटलं की तिच्यावरच दुसरी भरायची. "फिरी भर," आई म्हणायची. फिरी म्हणजे पुन्हा.

या क्रियापदावर माझा राग आहे. हंडा भरलेला असला तर आधी तो ओतावा लागतो, काय गेलं ते डोळ्यांना दिसतं. कॅसेट मात्र भरलेलीच परत भरता यायची. आधीचं पुसलं गेलं, हे त्या शब्दात कुठे ऐकूच येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. जीव वाचेल पण आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मी पुण्याहून धावत आले. आम्ही मायलेकी रोज फोनवर तासभर बोलायचो, पण त्यातलं काही कुठे भरून राहिलेलं नव्हतं. माझी मुलगी तेव्हा एवढीशी होती. तिच्यासाठी तरी आजीचा आवाज मोबाइलमध्ये ठेवू, म्हटलं.

गॅसशेजारी फोन चालू करून ठेवला. थोड्या वेळाने आई तो विसरली आणि भाकरी थापता थापता वडिलांवर घसरली. "तुमनं ध्यान कोठे शे? दूध उतू जाई ऱ्हायनं ना!" मग माझ्याकडे वळून, "तू बी तशीच. बापवरच गयी." आणि हसली. तिचं हसू आधी नाकातून यायचं, मग घरभर फुटायचं. आवाज बसला होता, पण तिचाच होता.

ऐकवलं तर तिचा चेहरा उतरला.

"मी अशी बोलस? मन्ही नात पुनानी शाळामा जाई. तिले काय वाटी? पुसी टाक. फिरी भर."

"ऱ्हाऊ दे ना, माय."

पण ती हट्टाला पेटली. समोर बसून पुसायला लावलं, मोबाइलच्या कचरापेटीतूनसुद्धा. ऑपरेशनला निघालेल्या बाईशी कोण भांडणार?

मग तिने साडी बदलली, पदर सारखा केला आणि खुर्चीत ताठ बसली. "नमस्कार. मी तुझी आजी बोलत आहे. तू खूप शिक आणि मोठी हो. आईवडिलांचे ऐक." पंधरा ऑगस्टला भाषण करणाऱ्या मुलीसारखी. न चा ण करायला एवढी जपत होती की श्वास घ्यायची विसरत होती. ऐकून मात्र खूश झाली. "आते बेस भरायनं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो.

ऑपरेशन नीट झालं. आई आहे, चांगली आहे, टाळी वाजवून रागावतेसुद्धा. देवाची कृपा, असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. तरी खोटं कशाला बोलू, मला तिचं ते ओरडणं हवंय. फार हवंय.

यंदा दिवाळीत गावी गेलो तेव्हा लेकीने हट्ट धरला, आजीचा आवाज लाव. लावला. आई शेजारीच बसून ऐकत होती. वडील बाहेर मिरच्या निवडत होते. आतून बाईमाणसाचा आवाज ऐकला तसे लगबगीने उठले, सदऱ्याला हात पुसले आणि दारातून डोकावले. आईबरोबर चाळीस वर्षं संसार केलेल्या त्या माणसाने आम्हाला विचारलं,

"कोन पाहुनी उनी वं?"