काकांची गुळगुळीत भिंत आणि मावशीचा घण

माझी मावशी बोलायला लागली की समोरचा माणूस आपोआप एक पाऊल मागे सरकतो. खाणीच्या फाटकाबाहेर तिने जन्मभर दगड फोडले. आवाजही घाव घातल्यासारखाच. "काय गं! जेवलीस? खोटं! बस खाली!" ही तिची माया. ऐकून कुत्री पळतात.

तिचा नवरा, आमचे काका, गवंडी. बोलणं लोण्यासारखं आणि गिलावाही तसाच. खाणीत दगड दळून युरेनियम काढून घेतलं की उरतो तो भुसा. पिठासारखा बारीक आणि फुकट. काकांनी तोच वाळू म्हणून कालवला आणि अख्खी गल्ली लिंपली. लेकीच्या खोलीची भिंत तर अशी, की माशीचा पाय घसरावा. "गाल लावून बघा, गाल!" ते पाहुण्यांना म्हणत. लोक खरंच लावत.

लेक बाळंतपणाला याच खोलीत येणार होती. त्याआधी आरोग्यकेंद्रातली नर्स किरणं मोजायचं यंत्र घेऊन आली. अंगणात यंत्र पेंगत होतं: टिक... टिक. भिंतीजवळ नेलं आणि तव्यावर फुटाणे उडावेत तसं तडतडायला लागलं.

"काकू, घाबरू नका हं," नर्स मावशीला नाकातून म्हणाली, "पण बाळाला इथे झोपवू नका. या भुशात अजून किरणं आहेत, गिलावा काढायलाच हवा. भिंत ओली करून. मास्क लावून. धूळ उडता कामा नये."

"यंत्र बिघडलंय," काका म्हणाले. "माझी भिंत नाही."

मावशीने नर्सकडून मास्क घेतला, भिंतीवर बादलीभर पाणी भिरकावलं आणि घण उचलला. काका हात पसरून आडवे आले.

"आधी माझ्या डोक्यात घाल!"

"नको. आत भुसाच आहे, धूळ उडेल. सरका!"

घण त्यांच्या कानाजवळून भिंतीत घुसला. काकांनी दांडा धरला. दोघंही चिखलात लोळले. मावशी आपला मास्क खाली ओढून त्यांच्या मनगटाला कडकडून चावली. काकांनी तिला केसांना धरून चौकटीवर आपटलं; भुवई फाटली, मास्क लाल झाला. ती उठली आणि पुन्हा घण फिरवला. त्याच क्षणी काकांनी भिंतीची भेग झाकायला पंजा पुढे केला आणि घण बोटांवर बसला.

ही गोष्ट सांगताना मी सगळ्यांचे आवाज काढते. त्या बोटांचा काढत नाही.

नर्सने पंजा बांधला. काका पांढरेफटक पडले होते. भिंतीकडे बघतच राहिले. मग पुटपुटले, "खिडकीखाली थर जाड आहे. तिथून घे."

मावशीने विटा उघड्या पाडल्या, ओला राडा पोत्यांत भरला. नर्सने यंत्र विटांवर धरलं: टिक... टिक.

तोवर गल्ली दारात जमली होती. "गवंड्या, आमच्या घरांचं काय रे?" समोरचा दुकानदार ओरडला, आणि पहिला दगड काकांच्या खांद्यात बसला. दुसरा खिडकीतून आला.

मावशी उंबऱ्यात येऊन काकांच्या पुढे उभी राहिली. डोळ्यावर रक्त, हातात घण.

"दगड खाली टाका! घरी जा आणि भिंती ओल्या करून ठेवा! एकेकाकडे येते!"

सगळे एक पाऊल मागे सरकले.