बाबांच्या रक्तावर वाढलेल्या पेशी

ऐंशीच्या दशकात वर्ध्यातल्या एका प्रयोगशाळेत मी रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवत असे. बाळंतपणाच्या वॉर्डातून नाळ आणायची, तिच्या शिरेत पेशी सुट्या करणारं औषध भरायचं, ठरलेली मिनिटं थांबायचं आणि सुटलेल्या पेशी काचेच्या बशीत पेरायच्या. पेरायच्या हा शब्द माझाच. नालवाडीला आमचं भाजीचं वावर होतं.

पेशी महालहरी. खाद्य बदललं की रूप बदलत, दाटी झाली की वाढ थांबवत, वीज जाऊन उबेची पेटी गार पडली की मरून तरंगत. नीट जगल्या तर फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसत.

त्याच सुमारास बाबांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. जन्मभर ओढलेल्या बिड्यांनी शिरा बुजल्या होत्या. पंजा कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. बाबा माझ्याकडे वळले.

"तू तं शिरा उगवून राह्यली ना बशीत? मायावाल्या रक्तात दम हाये का नाई, पाह्य ना एकदा."

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण पेशींना खाद्य म्हणून लागणारं वासराचं सीरम परदेशातून यायचं आणि ते संपलं होतं. शिवाय मलाही बघायचंच होतं. बाबांचं रक्त काढलं, गोठू दिलं, वर सुटलेलं पिवळसर पाणी, म्हणजे त्यांचं सीरम, पेशींना घातलं. पेशी भरपूर मिळाव्यात म्हणून नाळेत औषधही दुप्पट वेळ ठेवलं. हावरटपणा, दुसरं काय!

पाचव्या दिवशी बशी गच्च भरली. एवढी वाढ मी कधी पाहिली नव्हती. धावत घरी गेले आणि सांगून टाकलं, बाबा, तुमच्या रक्तावर पेशी जोमानं वाढतायत.

बाबांनी ऑपरेशनला साफ नकार दिला. "तिथं उगवते, तं पायात काऊन नाई उगवणार?"

आई रडकुंडीला आली. "तू तं शिकेल हायेस, सांग ना तुह्या बाबाले."

बशी वेगळी आणि पाय वेगळा, असं मी सांगितलं. पण पुटपुटत सांगितलं. बाबा कितीतरी दिवसांनी हसले होते आणि मला ते हसू मोडवेना.

महिन्याभरानं प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, दौऱ्यावरून परतले आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"अगं, यात फरशी कुठंय? या सगळ्या लांबट पेशी आहेत. औषध जास्त वेळ ठेवलंस, अस्तराखालच्या थरातल्याही सुटल्या. त्या कशावरही माजतात. अस्तराच्या केव्हाच मेल्या."

मला दिसलं नव्हतं का? तिसऱ्याच दिवशी तो लांबट आकार खटकला होता. वावरात वाढलेली मी, तणाला पीक म्हणत बसले. ती चीड अजून जात नाही.

तोवर काळेपणा पोटरीपर्यंत चढला होता. पाय मांडीतून कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर बाबांनी सगळ्यात आधी विचारलं, "बशीतल्या कशा हायेत?"

"चांगल्या हायेत," मी म्हणाले. बशी मी आठवड्यापूर्वीच धुऊन टाकली होती.

बाबांनी पांघरुणातून हात काढून माझ्यापुढे धरला. "मंग अजून रगत लागलं तं घेजो."