सुनेनं मरियामातेची तसबीर उतरवली

बायांनो, आज घरात वाजलं.

मेलेल्या येशूले मांडीवर घेऊन बसलेली मरियामाता, अशी आमची तसबीर. माहा पोरगा वारला तवापासून मी रोज सकाळी तिच्यापुढं बसते. मोठ्या प्रार्थना मले येत नाहीत. तिच्याकडं पाह्यलं की तिले माहं समजते, एवढंच.

आज पाह्यते त तिथं कोकरू घेतलेला हसरा येशू!

"काऊन वं, याच्याशी मी काय बोलू?" सुनेले म्हटलं.

"आत्याबाई, तुमाले त्यात माय दिसते. मले रोज माहा नवरा मेलेला दिसते."



घर एका खोलीचं. तसबीर लावली त ती रडते, काढली त माही प्रार्थना होत नाही. तुमी काय केलं असतं? देवावर सोडा, असं मात्र कोणी लिहू नका.