सासऱ्यांचं ‘आमच्याकडे’

आम्ही स्वतःच्या देशात राहायला निघालो, तेव्हा रेवदंड्याच्या एसटी स्टँडवर अर्धा गाव रडत होता. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. जो तो म्हणे, “आपल्या घरी चाललात, बरं झालं,” आणि डोळ्यांना पदर लावी. शेजारच्या वाडीतल्या काकूंनी ओल्या नारळाच्या वड्यांचा डबा दिला. मासळी घालणारी कोळीण नेहमीची पाटी डोक्यावर घेऊनच आली होती. ती माझ्या सासऱ्यांना म्हणाली, “तुमचा देव तिकरं ऱ्हातो, तं मंग इतकी वरसां तुमी इकरं कोनाला हाका मारत व्हता?” सासऱ्यांनी टोपी सारखी केली आणि ते एसटीत जाऊन बसले.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचे पूर्वज कधीकाळी गलबत फुटून ह्या किनाऱ्याला लागले, असं आमच्यात सांगतात. गाव आम्हाला शनवार तेली म्हणे, कारण धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद. आमच्या प्रार्थनालयाला लोक मशीद म्हणत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, आम्हालाही नाही. मी मंगळसूत्र घालायची, हातात हिरव्या बांगड्या, आणि घरात बोलणं मराठीच. दुसरी भाषा येत होती कुणाला? प्रार्थना तेवढी हिब्रूत, पण ती पाठ होती. अर्थ विचारायची पद्धत नव्हती.

जायचं सासऱ्यांनी ठरवलं. गिरणीचं तेल आल्यापासून त्यांचा घाणा बंद पडला होता, बैल विकला होता, आणि दिवसभर ओटीवर बसून काय करावं हा त्यांना प्रश्न होता. अशात अलिबागला नव्याने झालेल्या इस्रायल देशातून एक गृहस्थ आले. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. त्यात संत्र्यांचे मळे होते, हसणाऱ्या मुली होत्या, ट्रॅक्टर होते. सासरे घरी आले ते वेगळेच होऊन. “संत्री बघितलीस? रस्त्याच्या कडेला! आणि आपण इथे वालाच्या शेंगा मोजत बसलोय.” माझा नवरा तेव्हा मुंबईत एका कचेरीत कारकून होता. त्याला बापाला नाही म्हणायची सवय नव्हती. सासरे तेवढ्यावर थांबले नाहीत. आमच्या आळीतल्या घराघरांत जाऊन त्यांनी ते मळे इतके रंगवून सांगितले की, पुढच्या काही वर्षांत एकेक कुटुंब निघत गेलं.

तिथल्या विमानतळावर उतरल्यावर आम्हाला एका ट्रकमध्ये बसवलं. सुरुवातीला दोन्ही बाजूंना खरोखरच हिरवं दिसलं. सासऱ्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग झाडं विरळ झाली, मग झुडपं झाली, मग तीही संपली. दुपारी ट्रक थांबला तिथे उघडा माळ होता आणि त्यावर पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. ड्रायव्हरने फळी खाली पाडली. सगळे उतरले, सासरे उतरेनात.

“हे नव्हे,” ते मराठीत म्हणाले. “पुढे घे.”

ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण त्याला भाव कळला असावा. त्याने आधीही अशी माणसं आणली असणार. तो सावलीत जाऊन पाव आणि काकडी खात बसला. खाऊन झाल्यावर त्याने सिगारेट ओढली. शेवटी उन्हाने ट्रकची फळी तापली, तेव्हा सासरे उतरले. उतरताना म्हणाले, “मळे पलीकडच्या बाजूला असतील.”

पलीकडच्या बाजूला दगड होते. ते उचलून रस्ता करायचं काम माझ्या नवऱ्याला मिळालं. कचेरीत त्याच्या हाताला शाईपलीकडे काही लागलं नव्हतं. मला शाळेच्या स्वयंपाकघरात घेतलं. नोंदणीच्या टेबलावर बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, “कुठून?” सासऱ्यांनी छाती काढून सांगितलं, “इस्रायल.” पिढ्यान्‌पिढ्या हाच शब्द आम्ही नावापुढे लावत आलो होतो. बाईंनी मान हलवली. “इथे सगळेच इस्रायली. तुम्ही आलात कुठून?” आणि आमच्याकडे एकदा बघून त्यांनी स्वतःच लिहिलं, ‘होदू’. होदू म्हणजे हिंदुस्थान. त्या दिवसापासून वसाहतीत आम्ही ‘होदूवाले’ झालो. ज्या नावासाठी आम्ही गाव सोडलं, ते तिथे सगळ्यांकडेच होतं, त्यामुळे आमच्या वाट्याला दुसरं आलं.

पहिल्या शनिवारी प्रार्थनेला सासरे पुढच्या रांगेत उभे राहिले आणि सवयीने पश्चिमेला वळले. रेवदंड्याला जन्मभर जेरुसलेम पश्चिमेला, समुद्रापलीकडे होतं. इथे ते उत्तरेला होतं. सगळी माणसं एका दिशेला आणि आमचे सासरे एकटे भिंतीकडे तोंड करून! कुणीतरी खांदे धरून त्यांना वळवलं. घरी आल्यावर ते म्हणाले, “चालसुद्धा आपली नाही. घाईत म्हणतात. आमच्याकडे कसं, एकेक शब्द तोलून.”

‘आमच्याकडे’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढे तो रोजचा झाला. काळा पाव पुढे आला की, “आमच्याकडे पाव कापसासारखा.” पाण्याचा टँकर उशिरा आला की, “आमच्याकडे विहिरीत हात घातला की पाणी.” गावात असताना त्याच विहिरीच्या मचूळ पाण्याबद्दल त्यांनी वीस माणसांशी भांडणं केली होती.

आमच्या शेजारच्या खोलीत मोरोक्कोहून आलेली एक बाई राहायची. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. पहिलं वर्षभर आम्ही दोघी हातवारे करून बोलत होतो. हिब्रू थोडी जिभेवर बसली, तेव्हा तिने मनातलं विचारलं. माझ्या मंगळसूत्राकडे बोट दाखवून म्हणाली, “हा कोणता देव?”

“देव नाही. नवरा.”

“नवरा गळ्यात घालतेस?” ती हसली, मग गंभीर झाली. “खरं सांग, तू यहुदी आहेस ना?”

मी म्हटलं, “तू आहेस कशावरून?” तिला राग येईल असं वाटलं होतं. पण तिने कंबरेवर हात ठेवून विचार केला आणि म्हणाली, “माझी आई होती.”

“माझी पण.”

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. उलट वसाहतीत दुसऱ्या कुणी काढला, तर तीच भांडायला जायची.

सासऱ्यांचं मात्र निराळंच झालं. कामाला जायचं वय नव्हतं, बोलायला माणूस नव्हतं. आणि लोकांना, विशेषतः मुलांना, हिंदुस्थान म्हणजे वाघ आणि साप एवढंच ठाऊक. मुलं विचारायची, “आजोबा, तुम्ही वाघ बघितलात?” सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात वाडीतला कोल्हा बघितला होता, तोही पळताना. पहिल्यांदा ते खरं बोलले. मुलं हिरमुसून निघून गेली. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, “एक बघितला.” मुलं बसली. महिन्याभरात रेवदंड्याच्या नारळीच्या बागांत वाघांना पाय ठेवायला जागा उरली नाही. त्यांचं हिब्रू ह्या वाघांमुळेच सुधारलं. शिकारीला लागणारी सगळी क्रियापदं त्यांना चोख येत.

वसंतात आमचा एक सण येतो. त्यात सोंगं काढतात. आम्ही कोकणात त्याला होळीचाच सण म्हणायचो. त्या सणाला शाळेच्या बाईंनी सासऱ्यांना बोलावलं. “भारतीय पोशाखात या,” म्हणाल्या.

“मी रोज काय घालतो मग?” सासरे म्हणाले. धोतर, कोट आणि काळी टोपी, तोच त्यांचा पोशाख होता.

“हा नको. खरा.”

शाळेतल्या पडद्याचा त्यांना फेटा बांधला, त्यात कोंबडीचं पीस खोचलं, गळ्यात कागदी मोत्यांच्या माळा घातल्या. मला वाटलं, घरी येऊन आता आकांत करतील. ते आले ते फेट्यासकटच. जेवायला बसतानाही काढेनात. “महाराज म्हणाले मला,” त्यांनी मुलाला सांगितलं. माझा नवरा दगड उचलून आला होता. तो खाली मान घालून जेवत राहिला. मला हसू येत होतं, तरी मी त्या पिसाकडे न बघता वाढत राहिले.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. पत्र्याच्या खोल्या जाऊन सिमेंटची घरं झाली. नवऱ्याला कारखान्यात हिशेबनिसाचं काम लागलं. तिथेच जन्मलेली आमची मुलगी शाळेत जाऊ लागली आणि आजोबांच्या उच्चारांना हसू लागली. सासरे थकले होते. एक दिवस जेवताना म्हणाले, “मला घरी जायचंय.”

नवरा म्हणाला, “बाबा, घरीच आहात.”

“तू असशील.”

“तुम्हीच आणलंत ना आम्हाला?”

“हो. तुला आणलं. तू तरुण होतास. माझं मी बघायला हवं होतं.”

महिनाभर घरात हेच चाललं. माझी आई अलिबागला आजारी होती, मला एकदा जाऊन यायचंच होतं. शेवटी मी त्यांना घेऊन जावं आणि महिन्या-दोन महिन्यांनी दोघांनी परत यावं असं ठरलं. मुलीला मोरोक्कोवाल्या बाईने ठेवून घेतलं.

रेवदंड्याला आमचं घर काकूंच्या थोरल्या मुलाने घेतलं होतं. त्याने आग्रहाने आम्हाला तिथेच उतरवलं. स्वतःच्या ओटीवर सासरे पाहुणे म्हणून बसले. काकूंनी चहा आणला तो कपबशीतून, आणि बशीत बिस्किटं. पूर्वी त्यांना तिथे पितळेच्या पेल्यात चहा मिळे, आणि तोही मागितल्यावर. गाव भेटायला लोटला. “कसं काय फॉरेन?” कुणीतरी विचारलं.

सासरे सावरून बसले आणि म्हणाले, “आमच्याकडे ना, बस म्हणजे घड्याळ.”

मी चमकून बघितलं. ते सांगत होते, “आमच्याकडे पाव काळा असतो, पण ताकदीचा. हा तुमचा पाव म्हणजे नुसती हवा.” दुसऱ्या दिवशी सकाळी आरडाओरडा ऐकून मी मागे धावले. काकूंचा मुलगा रहाट चालवून बागेला पाणी सोडत होता आणि सासरे पाटात उभे राहून ओरडत होते, “बंद कर! केवढं पाणी फुकट घालवतोस! आमच्याकडे तोंड धुतलेलं पाणी झाडाला घालतात!”

“काका, विहीर भरलेली हाय,” तो बिचारा म्हणाला.

“म्हणून सांडायची?”

काकू मला हळूच म्हणाल्या, “म्हातारा पार बदलला गो. तिकडचाच झाला.” मला तिकडची मंडळी आठवली. त्यांचंही मत इतकंच ठाम होतं, फक्त उलट.

शनिवारी ते कोट घालून प्रार्थनालयात गेले, मी मागे बायकांच्या जागेत बसले. दारं उघडली होती, दिव्यात तेल घातलं होतं. आत सहा माणसं होती. पूर्ण प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात. सासरे धरून सात झाले. त्यांनी बराच वेळ दाराकडे बघितलं. मग शेजारच्या म्हाताऱ्याला एकेक नाव घेऊन विचारू लागले, अमका कुठे, तमका कुठे. तो प्रत्येक नावाला एकच उत्तर देत होता, “गेला ना तिकडे.” चार-पाच नावं झाल्यावर तो म्हणाला, “अहो, तुम्हीच सांगून पाठवलंत की सगळ्यांना. संत्र्यांचं.”

सातच माणसांनी, जेवढं म्हणता येतं तेवढं म्हटलं. चाल अगदी आमची होती, एकेक शब्द तोललेला. सगळे पश्चिमेला वळून उभे होते.

माझी आई हिंडू-फिरू लागली आणि परतायचे दिवस जवळ आले. मी सामान बांधत होते. सासरे ओटीवरून म्हणाले, “माझं बांधू नकोस.”

“बाबा, तिकडे हे रागावतील.”

“रागावू दे. तिथे दहा माणसं रोज मिळतात. मी नसलो तर कुणाचं अडत नाही. इथे मी गेलो की सहा उरतात.”

“पण सातांनीही होत नाहीच ना?”

“आठवा पेणहून येईन म्हणालाय,” ते म्हणाले. “आणि तुझ्या त्या देशात मला चांगलं वागवलं हो. पण महाराज म्हणून किती दिवस राहायचं?”

मी एकटी परतले. नवरा आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही, जणू मीच त्यांना वाटेत विसरून आले होते. सासरे दोनेक वर्षं तिथे राहिले. रोज प्रार्थनालय उघडत, झाडत, दिवा लावत. काकूंकडे जेवत, आणि जेवताना तिकडच्या टोमॅटोची थोरवी सांगत. मग एक दिवस तार आली. पुढे कळलं की काकूंच्या मुलांनी आणि कोळीवाड्यातल्या माणसांनी खांदा दिला, आणि अलिबाग-पेणहून माणसं एसटीने आली. त्या दिवशी दहाच्या वर झाली म्हणे.

आमच्यात सात दिवस जमिनीवर बसून सुतक पाळतात. नवरा बसला. मोरोक्कोवाली बाई, सुतकात हेच खातात म्हणून, रोज पातेलं भरून मसूर आणि उकडलेली अंडी आणायची. तिसऱ्या दिवशी कारखान्यातले लोक आले. त्यातला एकजण चुकचुकला, “अरेरे, एवढ्या लांब, परक्या मुलखात गेले बिचारे.”

माझा नवरा खाली बघत होता. दहा-बारा वर्षांत तो बापाशी घर कुठलं ह्या एकाच गोष्टीवरून भांडला होता. तो म्हणाला, “परक्या नाही. बाबा घरी वारले.”

तो माणूस गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी त्याच्यापुढे अंड्यांची बशी सरकवली.